पत्र्यावरचं सागवान

रूपश्री लाकूड बनवायची. करवत नाही, रंधा नाही, भुसा नाही, सगळं संगणकाच्या पडद्यावर. बेंगळुरातल्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात एका लॅमिनेटच्या कंपनीत ती आठ वर्षं डिझायनर होती. स्वयंपाकघरातल्या कपाटांवर, हॉटेलांतल्या टेबलांवर, दवाखान्यांच्या दारांवर लाकडासारखा दिसणारा जो पातळ थर चिकटवलेला असतो, तो मुळात छापलेला कागद असतो. त्या कागदावरचं लाकूड कुणीतरी काढलेलं असतं. या कंपनीत ते रूपश्री काढायची.

खऱ्या फळीचा स्कॅन घेऊन तोच साफसूफ करून वापरणं सोपं असतं. पण तिचे साहेब वेणुगोपाल यांना ते पसंत नव्हतं. "स्कॅन केलेली फळी दुसऱ्याकडेही असणार," ते म्हणायचे. "आपल्याला कुणाकडे नसलेलं झाड पाहिजे." म्हणून ती कोऱ्या फाईलपासून सुरुवात करायची. आधी नुसता तपकिरी रंग. त्यावर वाळू सांडल्यासारखे बारीक दाणे. मग ते दाणे एकाच दिशेने लांबवर ओढायचे, म्हणजे त्यांचे तंतू होतात. तंतूंना कुठे कुठे बाक द्यायचा, वेगळ्या लेयरवर गडद पट्टे टाकायचे, त्यावर सागवानाची असतात तशी सुईच्या टोकाएवढी छिद्रं. सगळ्यात शेवटी गाठी. झाडाला जिथे फांदी फुटली, तिथे फळीत गाठ येते. रेषा गाठीपाशी येऊन दोन्ही बाजूंनी वळसा घालून पुढे पुन्हा एक व्हाव्या लागतात. इथेच बहुतेकांचं बिघडतं, गाठ वरून टिकली लावल्यासारखी दिसते. रूपश्रीची गाठ आतून आल्यासारखी दिसायची.

त्या मार्चमध्ये वेणुगोपालांनी तिला जुनं सागवान करायला सांगितलं.

"नवं, पॉलिश केलेलं नको," ते म्हणाले. "वापरलेलं. चाळीस वर्षं कुणाच्या तरी घरात राहिलेलं."

पंधरा दिवस ती त्यावर बसली. तंतू जमले, रंग जमला. मग तिने गाठी काढायला घेतल्या, आणि पहिल्याच गाठीचं वर्तुळ डाव्या बाजूला मिटेना. पेन फिरवत आणलं की शेवटी रेघ आत वळायची आणि तिथे एक खाच राहायची, कुणी नखाने उचकटल्यासारखी. तिने ती खाच बुजवली. दुसऱ्या दिवशी सकाळी फाईल उघडली तर खाच जिथल्या तिथे. सेव्ह करायची राहिली असेल, म्हणून तिने पुन्हा बुजवली आणि आठवणीने सेव्ह केली. दुपारी जेवून आल्यावर काही वेळाने पाहिलं, तर खाच परत होती.

फाईलमध्ये कुणी केव्हा बदल केला याची नोंद राहते. तिने ती काढून पाहिली. दोन वाजून दहा मिनिटं. बदल करणारी, रूपश्री.

तिने शेजारच्या टेबलावरच्या शिल्पाश्रीला विचारलं, "मी जेवून कधी आले गं?"

"दोनला. आल्यापासून काम करतेयस की. मी दोनदा हाक मारली, बघितलंससुद्धा नाही."

रूपश्रीला त्यातलं काही आठवत नव्हतं. ती पडद्याजवळ वाकली आणि त्या खाचेकडे नीट पाहिलं. ही गाठ तिच्या ओळखीची होती. गेल्या सव्वीस वर्षांत तिने ती पाहिली नव्हती, एवढंच.

तिचे वडील नरसिंगराव रंगारी होते. घराणं चार पिढ्या बेंगळुरात. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर कन्नड. पीण्यातच एका छोट्या कारखान्यात ते लोखंडी कपाटं रंगवायचे. तेव्हा लोखंडी कपाट लाकडासारखं रंगवून घ्यायची हौस होती. नरसिंगराव पत्र्यावर आधी पिवळट रंगाचा हात द्यायचे, तो वाळला की त्यावर पातळ गडद रंग, आणि तो ओला असतानाच सायकलच्या ट्यूबचा कातरलेला तुकडा फणीसारखा वरून खाली ओढायचे. पत्र्यात रेषा उमटायच्या. मग उजवा अंगठा टेकवून तो गर्रकन फिरवायचे, की गाठ तयार. लहानपणी दारात सापडून त्यांच्या त्या अंगठ्याचं टोक एका बाजूने चेपलं होतं. त्यामुळे त्यांची प्रत्येक गाठ डावीकडे उघडी राहायची. रविवारी ते छोट्या रूपश्रीचा हात हातात घेऊन जुन्या डब्यांच्या झाकणांवर सागवान काढायचे. "रेषेला ढकलायचं नाही," ते सांगायचे. "ती जाते तिकडे आपण जायचं."

ती दहा वर्षांची असताना त्या कारखान्यात आग लागली. थिनरच्या डब्याने पेट घेतला आणि तिचा बाळमामा भाजला. बाळ म्हणजे आईचा धाकटा भाऊ, एकोणीस वर्षांचा. आईने त्याला पोटच्या मुलासारखा वाढवला होता. चौथ्या दिवशी तो गेला. त्याचं तेरावं झाल्यावर, एका सोमवारी सकाळी, नरसिंगराव डबा घेऊन कामाला निघाले आणि परत आलेच नाहीत. मेहुण्याच्या जाण्याचा धक्का बसला, असं सगळे म्हणाले. नातेवाइकांनी तिरुपतीपासून धर्मस्थळापर्यंत शोधलं. पोलिसांत तक्रार केलीय, पण काही पत्ता नाही, असं आईने सांगितलं. पुढे घरात तो विषयच निघेनासा झाला.

रूपश्रीने खाच बुजवणं सोडलं. गाठ जशी येत होती तशी येऊ दिली. अशा सात गाठी झाल्या, वरून खाली, कुठे दोन जवळजवळ, कुठे हातभर अंतर. सातवीच्या खाली दीड फूट जागा उरली. तिथे आठवी काढायला गेली तर पेन पुढे सरकेना, म्हणून ती जागा तिने मोकळीच ठेवली.

"खाली एवढं रिकामं का?" वेणुगोपालांनी विचारलं.

"असंच बरोबर वाटतंय, सर."

त्यांनी चित्र वर-खाली सरकवून पाहिलं. "सरी, ठीक आहे," शेवटी म्हणाले. "विचित्र आहे, पण खरं वाटतं. जाऊ दे छपाईला." त्याला नंबर मिळाला ४४१७.

पहिला छापील नमुना, वहीच्या पानाएवढा, ती यशवंतपूरला घरी घेऊन आली. आई, तुंगाबाई, जमिनीवर बसून अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत होती. रूपश्रीने नमुना तिच्यासमोर ठेवला.

तुंगाबाईंचा शेंगेतला अंगठा तसाच राहिला. "हे कुठनं आणलंस?"

"मी काढलंय, आई. ऑफिसात."

"बघून?"

"बघायला काय आहे आपल्याकडे? असंच आलं."

तुंगाबाईंनी तो नमुना उचलला, उलटा केला आणि शेंगांच्या टरफलांखालच्या वर्तमानपत्रात सारला. रात्री त्या जेवल्या नाहीत. सकाळी रूपश्रीने शोधलं, तेव्हा नमुना घरात कुठेच नव्हता.

"टाकला," आई म्हणाली. "जागा अडते."

ऑगस्टमध्ये, ४४१७ बाजारात येऊन दोन महिने झाले असतील, कंपनीच्या फाटकावरून निरोप आला. एक बाई आली आहे, हे डिझाईन कुणी काढलं ते विचारतेय, ऐकत नाही. चोरीचा आरोप असेल या भीतीने वेणुगोपालही रूपश्रीबरोबर खाली आले.

बाई पंचेचाळिशीची होती. साडीवर पुरुषी शर्ट, हाताच्या कोपरापर्यंत रंगाचे शिंतोडे. काखेत ४४१७चा एक तुकडा होता. तिने आपलं नाव कमला सांगितलं. अथणीकडची, मराठी बोलणारी, वीस वर्षांमागे बांधकामावर म्हणून बेंगळुरात आलेली. आता दारं-चौकटी रंगवायची. एका ठेकेदाराने तिला हा तुकडा देऊन याला जुळेल अशी चौकट रंगवायला सांगितलं होतं. मागे कंपनीचं नाव छापलेलं, त्यावरून ती इथवर आली होती.

"हे बघा, कॉपी केली असं म्हणायचं असेल तर..." वेणुगोपालांनी कन्नडमध्ये सुरुवात केली.

"मला भांडायचं न्हाई, सर. ज्यानं काढलंय त्याचा मला फक्त हात बघायचा हाय."

रूपश्री म्हणाली, "मी काढलंय."

कमलाने तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. तिचा उजवा हात धरून वर केला, अंगठा उलटसुलट करून पाहिला आणि सोडून दिला.

"अंगठा तर सरळ हाय," ती स्वतःशीच पुटपुटली.

"कुणाचा नव्हता?" रूपश्रीने विचारलं.

"आमच्या अण्णांचा. ज्यांनी मला हे काम शिकवलं. चार वर्षं झाली त्यास्नी जाऊन." मग पहिल्यांदाच कमलाने रूपश्रीच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "तुमचं नाव रूपा काय वो?"

वेणुगोपालांना यातलं अर्धंच कळलं, पण रूपश्रीचा चेहरा पाहून ते म्हणाले, "तू जा. आजचं काम मी बघतो."

पीण्या इंडस्ट्री स्टेशनवरून मेट्रोने दोन स्टेशनं पुढे दासरहळ्ळी. कमलाची शेड तिथून चालत दहा मिनिटांवर होती. पत्र्याची, पुढे रंगाचे डबे, मागे एक खोली. त्या खोलीत नरसिंगराव एकवीस-बावीस वर्षं राहिले होते. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. गाव विचारलं तर बोलायचे नाहीत. कमला नवऱ्याने टाकलेली, हाताला काम नसलेली, अशी त्यांच्याकडे आली. बाईमाणूस रंगाऱ्याचं काम करत नाही असं तेव्हा सगळे म्हणत होते. अण्णांनी काही न बोलता तिच्या हातात फणी दिली.

"हे बघा," कमला म्हणाली, आणि खोलीचं दार तिने उजेडात ओढून घेतलं.

लोखंडी दार होतं, साडेसहा फूट उंच. त्यावर सागवान होतं. वरून खाली सात गाठी, सगळ्या डावीकडे उघड्या. वरच्या दोन जवळजवळ, मग हातभर जागा, मग तिसरी.

कमलाने आतून ४४१७ची अख्खी शीट आणली. ती तिने ठेकेदाराकडून नंतर मागून घेतली होती. दोघींनी ती दाराला लावून उभी धरली. वरची कड वरच्या कडेला जुळवली. पहिली गाठ पहिल्या गाठीच्या बाजूला आली. दुसरी दुसरीच्या. रूपश्री एकेक बोट ठेवत खाली गेली आणि सातवीपाशी उकिडवी बसली. दार साडेसहा फुटांवर संपलं होतं. खाली शीटचा दीड फूट उरला होता, तोच रिकामा.

"हे कधी रंगवलं त्यांनी?"

"जायच्या दीड महिना आधी. छातीत दम राहिला नव्हता, थिनरनं फुप्फुसं खाल्ली होती. मी धरून उभं केलं आणि त्यांनी हे एवढं केलं. इकायचं न्हाई म्हणाले."

आपण हे दार कधी पाहिलेलं नाही, हे रूपश्रीला पक्कं माहीत होतं. या रस्त्याने ती आयुष्यात आली नव्हती. पडद्यावर त्या सात गाठी एकामागून एक उमटत असताना कुणाचा हात चालत होता, हा प्रश्न तिला कमलापुढे विचारावासा वाटला, पण विचारून उत्तर कोण देणार होतं?

"माझ्याबद्दल बोलायचे?"

"एकदाच. माझी रूपा लाकडाचीच चित्रं काढते, कंप्युटरवर, म्हणाले. पीण्यात. कुणाकडनं कळलं ते सांगितलं न्हाई."

"त्यांना माहीत होतं? मी पीण्यात आहे ते?"

कमला जराशी घुटमळली. "रोज सकाळी साडेआठला तिकडं चहाला जायचे. पीण्या इंडस्ट्री स्टेशनच्या खाली. आमच्या दारात दोन चहावाले, अन् हे मेट्रोनं चहाला. का म्हणून विचारलं तर नुसते हसायचे. आजारी पडले तरी जायाचे."

रूपश्री आठ वर्षं त्याच स्टेशनवर, साडेआठ ते पावणेनऊच्या दरम्यान उतरत होती.

दुसऱ्या दिवशी ती जिन्याखालच्या चहाच्या टपरीवर गेली. त्या टपरीवर तिने कधी चहा घेतला नव्हता. कानात गाणी घालून ती रोज तिच्यासमोरून पुढे जायची. टपरीवाल्या बसवंतला तिने विचारलं, चार-पाच वर्षांपूर्वी एक म्हातारे यायचे का, हाताला रंग लागलेले?

"यायचे की. चार वर्षं यायचे," बसवंत म्हणाला. "त्या खांबापाशी उभे राहायचे. पण चहा प्यायचे नाहीत हां. ग्लास नुसता धरून ठेवायचे. मग एकदम गार झालेला चहा ओतून द्यायचे आणि वर स्टेशनात जायचे. एकदा म्हटलं, अण्णा, चहा आवडत नाही काय? तर म्हणाले, छान आहे."

तो खांब जिन्यापासून सहा-सात पावलांवर होता. रूपश्री तिथे उभी राहिली आणि उतरून येणारी माणसं बघू लागली. एकही चेहरा वर उठत नव्हता. सगळे फोनमध्ये. त्या चार वर्षांतला एखादा चेहरा आठवतोय का म्हणून तिने डोळे मिटले. हिरवा शर्ट, पांढरा शर्ट, टोपी, कुणीतरी खोकत होतं. जे आठवत होतं ते खरं की आत्ता बनवलेलं, हे तिला सांगता येईना. त्या दिवसापासून रस्त्यावर उभ्या असलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याकडे तिची मान वळू लागली. माणूस मेलाय हे कळल्यावर ती त्याला शोधू लागली होती.

घरी तिने तीन दिवस काही सांगितलं नाही. चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी, आई देवापुढची फुलं निवडत असताना तिने विचारलं, "आई, तू पोलिसांत गेली होतीस का गं?"

तुंगाबाईंनी फुलांची पिशवी बाजूला ठेवली. "कोण भेटलं तुला?"

"पहिलं तू सांग."

"नाही गेले."

मग त्या एकदम सुरू झाल्या, भिंतीकडे बघत.

"आग आपोआप लागली नव्हती. थिनरचा डबा उघडा होता आणि ह्यांनी चहासाठी तिथंच स्टो पेटवला. बाळनं सांगितलं मला, इस्पितळात. ओठ जळलेले त्याचे, तरी सांगितलं. भावजींना बोलू नकोस म्हणाला. मी तेरा दिवस बोलले नाही. चौदाव्या दिवशी हे जेवायला बसले, आणि ताट वाढताना माझ्या तोंडून गेलं. मला तुमचं तोंड पुन्हा दाखवू नका."

"आणि?"

"आणि नाही दाखवलं." त्यांचा आवाज तसाच होता, कोरडा. "मी एकदाच म्हटलं गं. एकदाच. बायका काय काय बोलतात संसारात, पुरुष निघून जातात का?"

"तुला माहीत होतं ते कुठे आहेत?"

"तीन वर्षांनी देवाप्पा आला होता, त्यांच्या कारखान्यातला. म्हणाला, अक्का, नरसिंगरावांना दासरहळ्ळीला बघितलं, दारं रंगवतात. मी म्हटलं, सरी, बघते. रोज वाटायचं उद्या जाऊ. मग वाटायचं, त्यांनी यावं. त्यांना बोलायला काय झालं होतं? मग इतकी वर्षं झाली, की जायचं तोंड मलाच राहिलं नाही."

"मी दहा वर्षांची होते, आई! मला विचारायचंस तरी! ते रोज सकाळी मला बघायला स्टेशनखाली येऊन उभे राहायचे. चार वर्षं! आणि तू म्हटलं होतंस म्हणून समोर आले नाहीत."

तुंगाबाईंनी तिच्याकडे वळून पाहिलं. "यायचे म्हणजे?"

तेव्हा रूपश्रीने सांगितलं. कमला, ती खोली, दार, आणि चार वर्षांपूर्वी श्रावणात त्यांचं जाणं. तुंगाबाई ऐकत राहिल्या. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "अग्नी कुणी दिला?" "कमलाने," रूपश्री म्हणाली. तुंगाबाईंनी मान हलवली आणि पुन्हा फुलं निवडायला घेतली, पण हात चालेना. सगळी फुलं त्यांनी तशीच देवापुढे ओतली.

आठवडाभर मायलेकी एका घरात राहून एकमेकींशी कामापुरतं बोलल्या. रूपश्रीला रागाने झोप लागायची नाही. आणि लागली की स्वप्नात ती लाकूड काढत असायची आणि गाठीच्या खाचेतून कुणीतरी बाहेर बघत असायचं. पुढच्या शनिवारी सकाळी ती उठली, तेव्हा तुंगाबाई चांगली साडी नेसून दारात बसल्या होत्या.

"चल," त्या म्हणाल्या. "मला ते दार दाखव."

शेडपाशी पोचल्यावर कमला त्यांच्या पाया पडायला वाकली. तुंगाबाईंनी तिला धरून उभं केलं. त्या सरळ दारापाशी गेल्या. वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाल्या, "धूळ किती बसलीय. एक ओलं फडकं दे बघू."

कमलाने फडकं दिलं. तुंगाबाई पुसायला लागल्या तशी ती घाईने म्हणाली, "आडवं नको, आई. रेषेच्या दिशेनं. वरनं खाली."

सत्तर वर्षांची बाई टाचा उंचावून वरपासून पुसत आली. प्रत्येक गाठीपाशी फडक्याचं टोक बोटात धरून ती खाच साफ करायची, लहान मुलाचं नाक पुसावं तशी. दोघी नुसत्या बघत होत्या. सातवी गाठ झाल्यावर तुंगाबाई तिथेच खाली बसल्या आणि दाराला डोकं टेकलं.

"कधी काही बोलायचे का माझं?"

कमला त्यांच्यासमोर बसली. "मी लई वेळा म्हटलं, अण्णा, घरी जावा. इतकं जवळ हाय. तर म्हणायचे, तिनं नको सांगितलंय. तक्रार म्हणून न्हाई, बरं का. एखादं काम सांगितलंय अन् ते आपण करायचं, तसं."

तुंगाबाईंच्या तोंडून आवाज आला, तो रडण्याचा होता की हसण्याचा, रूपश्रीला कळलं नाही. इतक्या दिवसांचा राग घेऊन ती उभी होती, तरी ती पुढे झाली आणि आईच्या शेजारी सिमेंटवर बसली. आईच्या हातातलं ओलं फडकं तिने काढून घेतलं. आई तिच्या खांद्यावर कलली. बाहेर रस्त्यावरून लॉऱ्या जात होत्या आणि प्रत्येक वेळी दार बारीक थरथरत होतं.

निघताना कमला म्हणाली, "दार न्या तुम्ही. तुमचंच हाय."

"नको," तुंगाबाई म्हणाल्या. "जिथं राहिले तिथं राहू दे. तू नीट ठेवलंस त्यांना."

ऑटो यशवंतपूरजवळ आल्यावर तुंगाबाई म्हणाल्या, "चार वर्षं मी कुंकू लावत होते, तेव्हा चाललं. आता लावलं तर काय होणार आहे?" रूपश्री म्हणाली, लाव. त्या लावत राहिल्या.

दिवाळीनंतर वेणुगोपालांनी रूपश्रीला बोलावलं. ४४१७ खूप चालत होतं. त्याच गाठी ठेवून अक्रोड आणि शिसवात आणखी दोन डिझाईनं करूया, असं त्यांचं म्हणणं होतं. तिने नाही म्हटलं. ती गाठ माझी नाही, असं तिने सांगितलं, आणि कुणाची तेही सांगितलं. वेणुगोपालांनी ऐकून घेतलं. "स्वल्प दिवस सुट्टी घे," एवढंच म्हणाले. तिने घेतली नाही. आता ती अक्रोड करते; त्यात गाठी काढत नाही. कधी कधी दुपारी घड्याळाकडे पाहिलं की मधली वीस-पंचवीस मिनिटं गेलेली असतात. त्या वेळात काय केलं हे बघायला ती फाईलची नोंद उघडत नाही.

जानेवारीत शिल्पाश्रीच्या वाढदिवसाला ऑफिसातले सगळे कोरमंगल्याच्या एका नव्या हॉटेलात जेवायला गेले. गर्दी, मोठमोठ्याने गाणी, सगळी पंचविशीतली पोरं. रूपश्री बसली आणि टेबलाकडे लक्ष गेल्यावर जागच्या जागी ताठ झाली. टेबलं सगळी ४४१७ची होती. कुणीतरी शीट आडवी कापली होती, त्यामुळे तिच्या वाट्याला एकच गाठ आली होती, बरोबर तिच्यासमोर. वाढप्याने येऊन त्या गाठीवरच तिचं ताट ठेवलं.

"खा ना," शिल्पाश्री म्हणाली. "गार होतंय."

रूपश्रीने ताट थोडं बाजूला सरकवलं आणि जेवायला सुरुवात केली.